मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर किती आणि तास किती?

कळव्याच्या माझ्या छोट्या खोलीतून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतेय. पंखा बंद आहे, खिडकी बंद आहे, तरी अधूनमधून लोकलचा भोंगा ऐकू येणार, त्याला इलाज नाही. गाडीत उभे राहून ऐकत असाल तर एक इअरफोन कानात ठेवा आणि दुसरा काढा, दारात लटकू नका, आणि ऐका.

आजचा प्रश्न व्हॉइस नोटवर आलाय, आणि असे प्रश्न मला महिन्यातून चार-पाच तरी येतात. कोणाची बहीण लग्न करून कॅलिफोर्नियाला चाललीये, कोणाचा मित्र एमएस करायला. विचारतात काय, तर "ताई, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को विमानाने किती अंतर आणि किती वेळ?" सोप्पा प्रश्न. गूगल केलं की उत्तर येतं. साधारण १३,५०० किलोमीटर, पंधरा तास. संपला एपिसोड, थँक्यू, भेटू पुढच्या वेळी.

नाही, थांबा. तो १३,५०० चा आकडा बरोबर आहे. पंधरा तासांचा आकडा मात्र फसवा आहे, आणि तो कसा येतो ते बघण्यासारखं आहे. अंतर सांगणाऱ्या ज्या साइट असतात ना, त्या दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं सगळ्यात कमी अंतर काढतात आणि त्याला ताशी नऊशेच्या आसपासच्या वेगानं भागतात. काही जण वर अर्धा तास चढण्या-उतरण्याचा टाकतात. बस. त्यात वारा नाही, बंद आकाश नाही, डोंगर नाहीत, विमानतळावरची रांग नाही. म्हणजे कळवा ते ठाणे दोन-अडीच किलोमीटर, ताशी चाळीसनं चार मिनिटं, असं सांगण्यासारखं आहे ते. संध्याकाळी सातला कळवा नाक्यावर रिक्षात बसलेल्या माणसाला हे चार मिनिटांचं गणित सांगून बघा!

आधी अंतर घेऊ. भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबई मध्यभागी, अमेरिकेचा पश्चिम किनारा एकदम डावीकडे कडेला. वाटतं, विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक, अख्खी अमेरिका असं आडवं जात असणार. आता घरात एखादा प्लास्टिकचा चेंडू असेल तर घ्या. पेनाने दोन ठिपके करा, मुंबईचा वरच्या अर्ध्या भागात, विषुववृत्तापासून थोडा वर, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा जवळजवळ पलीकडच्या बाजूला, अजून थोडा वर. दोन्हींवर दोरा ताणून धरा. दोरा आडवा जाणारच नाही, तो चेंडूच्या डोक्याकडे सरकतो. खऱ्या पृथ्वीवरही तसंच. मुंबईहून निघालेली ही सरळ रेषा जवळजवळ थेट उत्तरेला जाते, राजस्थान-पंजाबवरून हिमालय ओलांडते, चीनचा पश्चिम भाग, सायबेरिया, आणि मग साधारण ७७ अंश उत्तरेपर्यंत चढून अलास्काच्या बाजूनं खाली उतरते. म्हणजे उत्तर ध्रुवापासून जेमतेम दीड हजार किलोमीटरवरून. नकाशावर ती वाकडी दिसते कारण नकाशा सपाट आहे. मर्केटर नावाच्या गृहस्थानं १५६९ मध्ये बोटींच्या सोयीसाठी जो नकाशा काढला, त्याच्याच सवयीनं आपण अजून बघतो.

आपल्याकडे याचं उलटं उदाहरण आहे, आणि ते कळव्यातच आहे. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. तेव्हाचा मार्ग पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्याच्या बाजूनं गेला. मग १९१६ मध्ये डोंगर फोडून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा केला आणि सरळ मार्ग मिळाला. आमच्या लहानपणी फास्ट लोकल त्या बोगद्यातून जायच्या, सगळे एकदम ओरडायचे. २०२२ ला पाचवी-सहावी मार्गिका झाल्यावर फास्ट लोकल पुन्हा मुंब्र्याच्या बाजूनं वळवल्या आणि बोगदा मेल-एक्सप्रेसकडे गेला. म्हणजे जवळचा रस्ता तिथेच आहे, पण गाडी लांबून जाते, कारण त्यामुळे एकूण वाहतूक नीट चालते. हे डोक्यात ठेवा, विमानांचंही असंच आहे.

सरळ रेषेत पहिली अडचण म्हणजे तिबेट. विमानातली हवेची व्यवस्था बिघडली तर पायलटला लवकरात लवकर दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, कारण डोक्यावरून खाली येणाऱ्या त्या पिवळ्या मास्कमधला ऑक्सिजन थोडाच वेळ पुरतो. आणि तिबेटची जमीनच कित्येक ठिकाणी चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. उतरणार कुठे? म्हणून विमानं त्या पठाराला बहुतेक टाळतात, एकतर डावीकडून जातात नाहीतर उजवीकडून.

आता वारा. हा माझा आवडता भाग आहे.

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे बरोबर जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार प्रवाह वाहतात. जेट स्ट्रीम. ताशी दीडशे, दोनशे, हिवाळ्यात कधी कधी तीनशे किलोमीटरच्याही वर. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिला, आणि त्यामुळे तो फारसा कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली तेव्हा समोरून एवढा वारा की वैमानिक चक्रावले. बिचारे ओइशी! जपानी नाही तर निदान इंग्रजीत लिहिलं असतं तर.

तर हा वारा पाठीशी असला की विमान जमिनीच्या हिशोबात जोरात जातं, समोरून असला की अडतं. ९ फेब्रुवारी २०२० ला न्यूयॉर्कहून लंडनला जाणारं ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात.

आणि आपल्याकडचं याहून भारी उदाहरण. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकच्या बाजूनं जायचं, म्हणजे पश्चिमेला, वाऱ्याच्या विरुद्ध. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, वेळ सुमारे साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूनं नेलं, पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून. अंतर झालं १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ? साडेचौदा तास. दोन तास कमी. भागाकार करून बघा. पहिल्या मार्गावर जमिनीच्या हिशोबात सरासरी वेग ताशी ८४२, दुसऱ्यावर १,०५५. विमान तेच, इंजिन तेच. फरक वाऱ्याचा.

म्हणून कोणी विचारलं की किती अंतर, तर मी आधी विचारते, जाताना की येताना? मुंबईहून लंडनला जाताना विमान जास्त वेळ घेतं, येताना कमी. चुलत बहिणीनं सांगितलेली वेळ तुमच्या तिकिटाशी जुळत नसेल तर ती खोटं बोलत नाहीये, ती उलट्या दिशेनं आली होती.

बंद आकाशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर एक अख्खा भाग आपण केलाय. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्ताननं आपलं आकाश बंद ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केलं. दिल्लीच्या विमानांना जास्त त्रास झाला, मुंबईच्यांना समुद्रावरून वाट असते म्हणून जरा कमी. रशियाचं वेगळंच. २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, म्हणून युनायटेडनं मुंबई-नेवार्क आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को या फेऱ्या थांबवल्या. एअर इंडिया मात्र रशियावरून जाऊ शकत होती. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाला इंजिनाच्या अडचणीमुळे मगदानला उतरावं लागलं, अतिपूर्वेच्या रशियात. २१६ प्रवासी, दुसरं विमान मुंबईहून पाठवलं, तोवर लोक शाळेत, हॉस्टेलमध्ये गाद्या टाकून झोपले. कंपनीला दोष देण्यासाठी हे सांगत नाहीये. इंजिनाची शंका आली की जवळच्या धावपट्टीवर उतरणं हेच बरोबर. पण "पंधरा तास" असं लिहिलेल्या ओळीत मगदान कुठेच नसतं.

आता ज्या कारणानं हा विषय मला एवढा जवळचा वाटतो, ते सांगते. नावं सांगणार नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्याच इमारतीतले एक काका मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास गेले. अचानक. मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, सॅन होजेला. बातमी कळली तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात भारत आणि कॅलिफोर्नियात साडेबारा तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळ्यातली युक्ती सोपी आहे. आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करा आणि दिवसाची रात्र करा.

साडेनऊला मला बोलावणं आलं. घर भरलेलं, चपलांचा ढीग दारात. काकूंचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, मोबाईल हातात धरून उभे. म्हणाले, "अगं पोरी, तू ते विमानांचं सांगत असतेस ना? हे बघ, तेरा हजार पाचशे किलोमीटर, पंधरा तास. म्हणजे उद्या दुपारी पोचतोय की नाही तो? मग उद्या चारला काढू."

घरात दोन मतं होती. काहींचं म्हणणं, रात्रही काढू नये, पुतण्या आहे, तो अग्नी देईल. काहींचं, एकुलता एक मुलगा आहे, थांबायला हवं. आणि काकू भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तो नक्की कधी येईल, तेवढं सांग मला."

मी स्वयंपाकघरात जाऊन दादाशी बोलले, आणि आम्ही दोघांनी मिळून गणित मांडलं. वही घेऊन, खरोखर. त्या दिवशी थेट विमान नव्हतं. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट फेरी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली ती आठवड्यातून तीनदा, रोज नाही. मग दुबईमार्गे. सॅन फ्रान्सिस्को ते दुबई १३,००० किलोमीटरच्या थोडं वर, दुबई ते मुंबई १,९३०. एकूण पंधरा हजार. सरळ अंतरापेक्षा फक्त दीड हजार जास्त. किलोमीटरच्या हिशोबात काहीच नाही.

तासांच्या हिशोबात बघा. तिकीट काढेपर्यंत आपल्याकडे रात्रीचे अकरा, तिकडे सकाळचे साडेदहा. विमान तिकडच्या दुपारी साडेचारचं, म्हणजे आपल्या बुधवार पहाटे पाचचं. बातमी कळल्यापासून दहा तास झाले आणि माणूस अजून जमिनीवरच. मग सोळा तास हवेत, दुबईला बुधवारी रात्री नऊ, आपल्या घड्याळानं. तीन तास थांबा. रात्री बाराला दुसरं विमान, तीन तास, मुंबई गुरुवारी पहाटे तीन. इमिग्रेशन, बाहेर यायला एक तास. सामान टाकायचं नाही, फक्त पाठीवरची बॅग, हे मी त्याला तीनदा सांगितलं, कारण पट्ट्यावर बॅगेची वाट बघण्यात पाऊण तास जातो. मग टी-टू ते कळवा. जेव्हीएलआर, कांजूरमार्ग, मुलुंड, ऐरोलीचा पूल, विटावा. पहाटे पाऊण तास. पण पाऊस लागला आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं तर सगळं बोंबललं, म्हणून गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं की पाणी दिसलं तर परत फिरून ठाण्याच्या बाजूनं ये.

एकूण किती? मंगळवार संध्याकाळी सात ते गुरुवार पहाटे पाच. चौतीस तास. त्यातले हवेतले एकोणीस.

मी बाहेर येऊन काकूंना सांगितलं, "काकू, गुरुवारी पहाटे पाच. सहा धरून चाला. त्याच्या आधी नाही येणार." मामा म्हणाले, "अगं पण इथे पंधरा लिहिलंय." मी म्हटलं, "मामा, ते विमानाचे आहेत. दादाचे चौतीस आहेत."

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "थांबू. गुरुवारी सकाळी करू." एकदा आकडा पक्का मिळाला तसे सगळे कामाला लागले. हॉस्पिटलच्या शवागारात व्यवस्था झाली, कोणी स्मशानात वेळ सांगून आलं, गावाकडच्या लोकांना फोन गेले की घाई करू नका, बुधवारी निघा. वाद करायला काही उरलंच नाही.

दादा पाच वीसला पोहोचला. विटाव्याला पाणी नव्हतं. आठला आम्ही निघालो.

मी असं म्हणत नाहीये की थांबायलाच हवं. आमच्याच ओळखीत एका घरानं न थांबता विधी केले आणि मुलीनं न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं. तिच्या व्हिसाचा शिक्का संपलेला होता, ती आली असती तर परत जाण्यासाठी इथे मुलाखतीची तारीख मिळवावी लागली असती, आणि तिकडे तिची दोन लहान मुलं. त्यांनी विचार करूनच ठरवलं होतं, नंतर कोणाच्या बोलण्यात कडवटपणा आला नाही. माझं म्हणणं इतकंच की ठरवणाऱ्या माणसाच्या हातात खरा आकडा असावा. "उद्या दुपारी येतोय" म्हणून सगळे बसून राहतात, मग संध्याकाळ, मग रात्र, आणि चिडचिड त्या विमानातल्या मुलावर निघते.

म्हणून ज्यांचं कोणी बाहेर आहे त्यांच्यासाठी, अंतर बघू नका. एकदा, शांतपणे, आज, आपल्या माणसाशी बोलून ठेवा. त्याच्या गावाहून थेट विमान आहे का, आणि कुठल्या वारी? दुसरा मार्ग कुठला? अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्ड आहे का? नसेल तर भारतात यायलाच व्हिसा लागतो, आणि तो धावपळीत काढणं सोपं नाही. पासपोर्टची मुदत किती उरलीये? ही विचारपूस दिवाळीच्या कॉलवर करा, फराळाच्या गप्पांत होऊन जाते, कोणाला अशुभ वगैरे वाटत नाही.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणंही येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीत विमान वरच गोल फिरत राहतं. आता नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्यानं तो सोयीचा पडू शकतो, पण तिकिटावर कुठला विमानतळ लिहिलाय ते नीट वाचा. घ्यायला टी-टूला जाऊन उभे राहाल आणि पाहुणा उलव्याला उतरलेला असेल. रेल्वेनं जायचं असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाक्याला बदलून पुढचं स्टेशन टी-टू. मोठी बॅग घेऊन सकाळी साडेआठला कळव्याहून लोकलमध्ये चढणार असाल तर मात्र तुम्हाला दंडवत.

जाता जाता एक गंमत. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून लंडनला निघालं, ३५ प्रवासी घेऊन. कैरोला थांबत, जिनिव्हाला थांबत ते १० जूनला पोहोचलं. आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी, कॉकपिटमध्ये सगळ्या बायका, सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवाच्या भागावरून, कुठेही न थांबता, साधारण सतरा तासांत बंगळुरूला उतरल्या. ध्रुवाजवळून जाताना त्यांना आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं, ती म्हणजे टाकीतल्या इंधनाचं तापमान. उणे ४७ अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं. त्याबद्दल पुढच्या भागात बोलू, कारण खाली गाडी आलीये आणि आता दोन मिनिटं माझा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही.

तुमच्या घरचं कोणी कुठे असेल आणि तिथून कळव्यापर्यंतचे खरे तास तुम्ही कधी मोजले असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. शहराचं नाव आणि तास, एवढंच पुरे.